साडेपाच हजार फुटांवर

श्रीपादची रजा संपत आली तशी सुमतीची दुपारची झोप गेली. माजघरात चटईवर पडलं की विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर ऐकू यायची. पलीकडच्या शेतातून, कापलेल्या भाताच्या खुंटांवरून वारा यायचा आणि दाराचा पडदा फुगून पुन्हा खाली बसायचा. तेवढ्या वेळात, डोळे मिटलेले असतानाच, ती नैरोबीला जाऊन यायची.

ते शहर तिने स्वतःच तयार केलं होतं. सामान श्रीपादचं. संध्याकाळी ओटीवर चित्रा आपल्या भावाला खोदून खोदून विचारायची आणि सुमती तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तिथे सहा महिने दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. चंद्राची कोर आपल्यासारखी तिरकी नसते, होडीसारखी आडवी असते. संध्याकाळ अशी नसतेच, सूर्य गेला की कोणीतरी दिवा मालवल्यासारखा काळोख. आषाढात स्वेटर घालावा लागतो. ऑक्टोबरात झाडांखालचे रस्ते फुलांनी जांभळे होतात. हे सगळं तिने मनातल्या एका रस्त्यावर मांडून ठेवलं होतं. रस्त्याच्या टोकाला एक दार, आणि दाराच्या आत एक शेगडी. शेगडीपुढे कोण बसलंय ते मात्र दिसत नसे. तिथपर्यंत ती पोचायची आणि बाहेर रहाट थांबायचा.

लग्नाला पाच वर्षं होत आली होती. त्यांपैकी लग्नानंतरचे चार महिने आणि आता हे रजेचे पाच, एवढाच काय तो संसार. श्रीपाद तिकडे रेल्वेच्या हिशेब खात्यात होता. चार वर्षांनी एकदा सहा महिन्यांची रजा मिळे, त्यांतला महिनाभर बोटीतच जाई. बायकोचं बोटीचं तिकीट खातं देत असे, पण रजेवरून परत जाताना ती बरोबर असेल तरच. मागाहून एकटीने जायचं तर पैसे घरचे, आणि ते घरात नव्हते. म्हणजे आता नाही तर पुढच्या रजेला. तिच्या नावाचा अर्ज उद्या सोमवारी मुंबईला बोटीच्या कचेरीत पोचायला हवा होता. आणि आज रविवारी, चार वाजताच्या चहानंतर, श्रीपादच्या थोरल्या भावाने, भाऊंनी, सगळ्यांना ओटीवर बसायला सांगितलं होतं.

"उठलीस?" सुमेधावहिनी पडदा सारून आत आल्या. "चहाला आधण ठेव. मी कप काढते."

"हो."

"आणि हे बघ, तोंड असं करून बसू नकोस. तुला कोणी हाकलत नाहीये आणि कोणी डांबूनही ठेवत नाहीये."

सुमतीने आधण ठेवलं. वहिनी कप पुसत राहिल्या. त्यांच्याही मनात एक घर होतं, त्याला फक्त एकच खोली होती. डोंबिवलीची ही जागा घेतली तेव्हा भाऊंनी त्यांना मागच्या बाजूला चुन्याने आखून दाखवली होती: इथे खिडकी, इथे कपाट, इथे आपली दोन मुलं निजतील. पहिल्याच पावसात चुना वाहून गेला. खोली बांधायची ती श्रीपादच्या पैशातून. हे वहिनी कोणाला बोलून दाखवत नसत.

"माझ्या मनात काही नाही गं," त्या एकदम म्हणाल्या. "पण मला कोण विचारतंय?"

*

भाऊंनी कागद घेतला नव्हता. ठाण्याच्या कचेरीत दिवसभर आकडेच लिहीत असल्यामुळे घरी ते तोंडीच हिशेब करत. आरामखुर्चीवर बसले, चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. सुमतीच्या सासूबाई, माई, उंबऱ्याच्या आत वाती वळत बसल्या होत्या. चित्रा पायरीवर. सुमती दाराआड, वहिनींच्या मागे.

"क्वार्टर मिळेल म्हणतोस. भाडं?"

"पगारातून कापतात. दहावा हिस्सा."

"आणि आत्ता?"

"आत्ता आम्ही पाच जण तीन खोल्यांत. माझ्या वाट्याला फारसं येतच नाही."

"कोळसा?"

"लाकडी कोळसा मिळतो. पोतं आणलं की एकट्याला महिना जातं."

"मग दोघांना?"

श्रीपाद हसला. "दोघांना दुप्पट नाही रे लागत, भाऊ. शेगडी एकच असते."

"हसू नकोस. दूध?"

"दूध महाग आहे. भाज्या स्वस्त. तांदूळ आपल्यासारखा नाही. थंडीला दोन रग घ्यावे लागतील, हिला कोट लागेल. आणि सुरुवातीला भांडीकुंडी. मेसमध्ये माझं स्वतःचं म्हणून एक ताट नि एक पेला आहे."

"म्हणजे महिन्याला इथे येणाऱ्या शंभर रुपयांतले किती राहतील?"

श्रीपादने दीड शिलिंगाचा एक रुपया या हिशेबाने मनातल्या मनात भागाकार केला. चार वर्षांत त्याला त्याची इतकी सवय झाली होती, की साबणाची वडी घेतानाही डोक्यात रुपये-आणे होत. "चाळीस पाठवीन. पन्नास म्हणशील तर ओढूनताणून."

भाऊंनी गुडघ्यावरचा चष्मा फिरवला. धाकट्या भावासमोर पैशाचं बोलताना त्यांना नेहमीच आपण कोणाच्या तरी खिशात हात घालतोय असं वाटे. वडील गेले तेव्हा श्रीपाद मॅट्रिकला होता. त्याची फी त्यांनी स्वतःची सायकल विकून भरली होती, आणि ती गोष्ट आयुष्यात एकदाही उच्चारली नव्हती. आता फंडातून घेतलेल्या उचलीचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जात होता. घर उभं होतं ते त्या उचलीवर आणि या शंभरांवर.

"मी नको म्हणत नाही," ते म्हणाले. "पण आकडा हा असा आहे. चित्राची नोकरी कॉलेजात अजून टेंपररी. उद्या तिचं लग्न निघालं तर?"

"माझं लग्न मध्ये आणू नकोस," चित्रा म्हणाली. "ते निघालं तर मी तुला आधी पोस्टकार्ड टाकीन."

"तू गप्प गं," माई आतून म्हणाल्या. "हे बघ श्रीपाद, चार वर्षं काय, बघता बघता जातात. गेली की नाही? तुझं तिकडे उत्तम चाललंय, मेस आहे, बरोबरची माणसं चांगली आहेत. तूच लिहितोस. मग आता ही एवढी घाई कशाला? तोवर खोली होईल, हप्ते फिटतील. पुढच्या रजेला न्यायची."

सुमतीने दाराच्या कडीला हात लावला. कडी गार होती.

"तू काय म्हणतोस?" भाऊंनी विचारलं.

श्रीपादने अंगणाकडे पाहिलं. "मी काय सांगू? तुम्ही सगळे म्हणाल तसं."

वहिनींनी वळून सुमतीकडे पाहिलं नाही. पण त्यांचा हात मागे आला, सुमतीच्या मनगटाला लागला आणि तिथेच राहिला.

*

नेमकं तेव्हाच फाटकाशी कोणीतरी खाकरलं. "अक्का, येऊ का?"

खांद्यावर तोंडाला टाके घातलेली पिशवी घेऊन हरिहरमामा उभे होते. खडवलीहून दुपारच्या गाडीने आले असावेत, टोपी घामाने कपाळाला चिकटली होती. माईंनी मान वर केली, धाकट्या भावाला पाहिलं आणि पुन्हा वातीकडे पाहिलं.

"चित्रा, कोणी आलंय बघ गं."

"माई, मामा आलाय."

"कोणी बोलावलं?"

"मी," श्रीपाद म्हणाला आणि पिशवी घ्यायला पुढे गेला.

या बहीणभावाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. खडवलीला मामांच्या शेताच्या बांधांवर तूर होत असे. ती डाळ माईंच्या माहेरची, तिचा त्यांना फार अभिमान. श्रीपाद नैरोबीला गेल्यापासून तिकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर त्या ती पाठवत. पिशवी मामांकडेच शिवून तयार होऊन येई, डोंबिवलीत ती कोणी उघडत नसे. श्रीपादच्या मेसमधला रुडॉल्फ ठाण्याचा. दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला होता तेव्हा माईंना भेटायला आला, चहा घेतला आणि हसत हसत म्हणाला, "आई, तुमच्या डाळीची आमच्याकडे मोठी कीर्ती आहे हां. चर्च सुटून मी परत येतो तरी शिजत नाही." माईही हसल्या. पण तो गेल्यावर त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला आणि तिथेच राहिला. घरी आणलेली डाळ तर लोण्यासारखी शिजत होती. मग शिवलेल्या पिशवीतलीच गणंग का निघावी? कारण ती आपण उघडून बघणार नाही हे हरिहरला ठाऊक आहे. पुढच्याच महिन्यात खडवलीला लग्न होतं. तिथे, पंगतीत वाढत असताना, त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "परदेशी पोराच्या पिशवीत जुनी डाळ भरणारा भाऊ मला नको." त्यानंतर दोन भाऊबिजा गेल्या. पाट मांडला गेला नाही.

"ठेव ती पिशवी खाली," माई आता म्हणाल्या. "इथे आम्हाला बाजारची डाळ मिळते."

"अक्का, बांध तोच, तूर तीच, जातं तेच. मी काय दोन ढीग करतो?"

"ते तुझं तुला माहीत."

"यंदा मी शिवलीच नाही, टाके नुसते घातलेत. हे बघ, ओढ दोरा. काढ मूठभर आणि लाव चुलीवर."

"घरची शिजतेच रे! प्रश्न घरचा नाही. त्या रुडॉल्फला काय स्वप्न पडलं होतं?"

"माई," श्रीपाद म्हणाला, "रुडॉल्फ खरं बोलला. डाळ शिजत नाही. पण डाळ चांगली आहे."

"हे कसलं उत्तर?" भाऊ म्हणाले.

"तिथे कोणाचीच शिजत नाही लवकर. गुजराथ्यांची नाही, पंजाब्यांची नाही. लोक सोडा घालतात. पाणी जड आहे म्हणतात."

"मग मला लिहिलं का नाहीस?"

"तुम्ही भांडलात हे मला कुठे माहीत होतं? इथे आल्यावर कळलं. आणि मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मामाची बाजू घेतो."

"आताही तेच म्हणते."

चित्रा पायरीवरून उठली होती. "दादा, ते गाव किती उंच आहे?"

"नैरोबी? स्टेशनवर पाटी आहे. साडेपाच हजार फुटांच्या जरा आतबाहेर."

"अरे देवा," चित्रा म्हणाली. "पाच महिने मी तुला चंद्र विचारत बसले, सावल्या विचारत बसले. उंची नाही विचारली!" तिने माईंपुढे बैठक मारली. "माई, पाण्याचा दोष नाही, डाळीचा नाही आणि मामाचा तर नाहीच. उंचावर हवा विरळ असते. पाण्यावर तिचा दाब कमी पडतो, म्हणून पाणी तिथे लवकर उकळतं."

"लवकर उकळतं?"

"हो."

"मग डाळही लवकर शिजायला हवी." माईंनी वात ताटलीत ठेवली. "मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं चुलीपुढे काढली मी."

मामा हळूच म्हणाले, "अक्काचं म्हणणं पटण्यासारखं आहे." आणि आपल्याच बाजूने चाललेला वाद आपण बिघडवला हे कळून गप्प बसले.

*

चित्राच्या खिडकीत एक काचेचा चंबू होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच्या गळ्याचा टवका उडाला, म्हणून तो फेकून देणार होते. तिने मागून आणला आणि त्यात कण्हेरीची फांदी मुळं फुटायला ठेवली. आता तिने ती फांदी काढून तांब्यात ठेवली, चंबू धुतला, बूड गोल आहे, कुठे चीर नाही हे उजेडात फिरवून दोनदा पाहिलं. अर्धा पाण्याने भरून निखाऱ्यांवर धरला. सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमले. पाणी खळखळून उकळू लागलं, वाफेने चंबूचा गळा पांढरा झाला. तिने तो पंच्याने उचलला, रबरी बूच घट्ट बसवलं आणि बाहेर ओटीवर आणला. तोवर पाणी शांत झालं होतं.

"उकळायचं थांबलं?"

"थांबलं," माई म्हणाल्या.

"आता बघ. सुमती, विहिरीचं गार पाणी आण."

सुमतीने कळशी आणली. चित्राने चंबू उलटा धरला आणि मान हलवली. सुमतीने वरून धार धरली.

आत, तळाशी नव्हे तर सगळीकडूनच, बारीक बुडबुडे सुटले. मग मोठे. पाणी उकळू लागलं. धार थांबली की ते थांबायचं, धार पडली की पुन्हा उसळायचं. विस्तव कुठेच नव्हता. उतरतं ऊन चंबूतून जाऊन जमिनीवर पडलं होतं आणि त्या उजेडात बुडबुड्यांच्या सावल्या वर जात होत्या की खाली, ते कळत नव्हतं. चित्राने हा प्रयोग मुलींना कितीतरी वेळा दाखवला होता. पण तेव्हा ते एक कलम असे, वहीत उतरवून घ्यायचं. उकळणारं पाणी इतकं एकटं दिसतं हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं.

"आतली वाफ गारव्याने विरली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "वर दाबणारं काही उरलं नाही. म्हणून उकळतंय. हात लाव, माई."

माईंनी आधी एक बोट लावलं. मग सगळा तळवा काचेवर ठेवला.

"उकळतंय," त्या म्हणाल्या. "आणि मला हात ठेवता येतोय."

"उकळतंय म्हणजे तापलंय असं नव्हे."

"तिथलं पाणी एवढं कोमट?"

"एवढं नाही. दर साडेपाचशे फुटांना एक अंश फॅरनहाइट कमी धर. तिथे दहा अंश. पण तेवढे दहाच अंश डाळीला हवे असतात. कितीही जाळ घाल, पाणी त्यापुढे तापत नाही."

माईंनी तळवा काढला नाही. बराच वेळ त्या चंबूकडे पाहत राहिल्या. मग श्रीपादकडे न बघता त्यांनी विचारलं, "किती वेळ लागतो तुला?"

"कशाला?"

"डाळीला."

"सकाळी लावली तर दुपार होते."

"मेसमध्ये आचारी आहे ना?"

"रविवारी त्याची सुट्टी. रविवारी सगळे बाहेर असतात. रुडॉल्फ चर्चला जातो, बाकीचे क्रिकेटला, नाहीतर कोणाकोणाच्या घरी. मी डाळ लावतो."

"आणि मग?"

"मग बसतो."

"नुसता?"

"अधूनमधून पाणी घालावं लागतं."

त्याला त्या खोलीतला उजेड आठवला. खिडकीबाहेर जांभळी फुलं पडायची, पडताना आवाज व्हायचा नाही. पातेल्यातून सगळ्यात आधी वास यायचा, डाळीचा नव्हे, खडवलीच्या कणगीचा. घड्याळ बघून तो पावणेतीन तास मिळवायचा: तिकडे आता जेवणं झाली, माई वामकुक्षीला टेकली, भाऊ बाजारात निघाला, चित्रा अंगणात. आणि एक कोणीतरी माजघरात चटईवर पडलेली. तिचा चेहरा चार महिन्यांच्या ओळखीवर किती दिवस टिकणार? दुसऱ्या वर्षापासून तो डोळ्यांपुढे नीट येईना. तेव्हा तो तिचे हात आठवायचा. हात राहिले होते.

"अहो भावजी," वहिनी न राहवून म्हणाल्या, "रात्री भिजत घालायची ना डाळ! अर्ध्या वेळात झाली असती. एवढंही सुचलं नाही कोणाला?"

"सुचलं. रुडॉल्फने सांगितलं होतं."

"मग?"

श्रीपादने खांदे उडवले. "मग उरलेल्या रविवारचं काय केलं असतं?"

तो हसत म्हणाला होता. पण हसायला कोणी बरोबर आलं नाही, आणि त्याचं हसू एकटंच थोडं पुढे गेलं आणि थांबलं. भाऊंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला. माई उठल्या आणि आत गेल्या.

*

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मामा पिशवीशेजारी उकिडवे बसले होते, जावं की थांबावं या विचारात. तेवढ्यात माई तबक घेऊन बाहेर आल्या. निरांजनात मघाचीच वात होती.

"सुमेधा, पाट मांड. हरिहर, टोपी नीट कर."

"आज? अक्का, माघ चाललाय."

"दोन राहिल्यात. माघात केल्या तर यम काही नोटीस काढत नाही."

मामा पाटावर बसले. माईंनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मग पुन्हा पहिल्यापासून, कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. "मी पंगतीत बोलले," त्या म्हणाल्या. "पुढचं लग्न कोणाचं आहे खडवलीला? तिथे येऊन पंगतीतच सांगेन की मी चुकले."

"नको गं. लोकांना जेवू दे."

"आणि दोन्ही ओवाळण्या टाक."

"खिशात परतीचं तिकीट आहे फक्त."

"मग डाळ धरली त्यात."

चित्रा मोठ्याने हसली, मग मामा, मग वहिनी. माई हसल्या नाहीत. तबक खाली ठेवून त्या भाऊंकडे वळल्या.

"भाऊ, उद्या तू रजा टाक. श्रीपादबरोबर मुंबईला जा आणि हिचा अर्ज देऊन या."

"माई, आकडा..."

"तो मी ऐकलाय."

"ऐकलास तरी तो बदलत नाही ना!" भाऊंचा आवाज चढला. "महिन्याला पन्नास कमी. हप्ता कापल्यावर घरात काय राहतं ते मला माहीत. मी काय हौसेने..."

"मागची खोली राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाट उचलत होत्या, मान खाली होती. "मुलं लहान आहेत अजून. ओटीवर निजतात मजेत. तो चुना तरी कुठे राहिला होता? आणि पावसाळ्याआधी कोळसा भरून ठेवला तर त्यातही वाचतील चार पैसे. करू आपण."

भाऊ बायकोकडे पाहत राहिले. ही खोली आपण हिच्यासाठी बांधतो आहोत असं ते इतकी वर्षं समजत होते, आणि तीच आता ती पाटासारखी उचलून भिंतीला टेकवून ठेवत होती. मग ते श्रीपादकडे वळले.

"तू मघाशी काय म्हणालास? आम्ही म्हणू तसं?"

"हो."

"आम्ही म्हणतोय. आता तू बोल. स्वतःचं."

श्रीपाद उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते, शाळेत असताना होत तसे. "ती आली तर..." तो म्हणाला. मग दाराकडे बघून, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तिच्याशीच बोलत, "तू आलीस तर मला बरं होईल."

दाराआडून कळशी उचलल्याचा आवाज आला आणि पावलं विहिरीकडे गेली.

"पाण्याला गेली म्हणजे हो," वहिनींनी अर्थ लावून दिला.

भाऊ खुर्चीत मागे टेकले. काही वेळ त्यांचे ओठ हलत राहिले, आकडे नव्याने मांडत. मग त्यांनी विचारलं, "तिकडे थंडी किती पडते म्हणालास? माझा तो राखाडी कोट आहे, बाबांचा. उसवून हिच्या मापाचा होईल का? लोकर चांगली आहे त्याची."

*

दिवे लागायच्या वेळी माईंनी मागच्या पडवीत जातं मांडलं. पिशवीचे टाके उसवून डाळ सुपात ओतली. पिवळी, नवी, बोटांना जरा तेलकट. सुमती समोर बसली. दोघींचे हात खुंट्यावर आले, एकावर एक, आणि जातं फिरू लागलं.

"भरडून देते सगळी," माई म्हणाल्या. "भरड असली की लवकर शिजते, तुझं ते पाणी कितीही उकळलं तरी. चित्राला विचारलंय मी. कोळसाही वाचेल."

"हो."

"थंडीत सकाळी उठून आधी शेगडी पेटवायची. गार पाण्यात हात घालू नकोस. तिथे कोणी विचारणारं नाही, आपलं आपण बघायचं." थोडा वेळ नुसती घरघर. "पाच महिने होता तो इथे. रोज वरणभात वाढला मी. एकदाही बोलला नाही."

जात्याच्या पाळीतून पिवळी भरड झरत होती. कातरवेळ अजून पुष्कळ उरली होती. इथे उजेड असा आस्ते आस्ते जातो, तिला वाटलं, हे तिथे असणार नाही. मग तो रस्ता आला, होडीसारखा चंद्र आला, दार आलं. आत शेगडीपुढे तो पाठमोरा बसला होता, एका बाजूला सरकून. शेजारी जागा होती.

"माई."

"काय गं?"

"अर्धी तशीच राहू द्या. न भरडता."

माईंचा हात थांबला. जातं आपल्या वजनाने आणखी अर्धं फिरलं.

"ती कशाला?"

"रविवारला."

माईंनी तिच्याकडे पाहिलं. सुपात हात घातला, उरलेली डाळ ओंजळीने पिशवीत परत भरली, वर एक ओंजळ जास्त घातली आणि सुई-दोरा आणायला हाक मारली.